घासून आणलेला फोन

इस्लामपुरात नवा फोन घ्यायला गेले, तेव्हा दुकानातल्या बाकड्यावर एक बाई माझ्या शेजारी बसली होती. साठीची असेल. लेक जाऊन वर्ष झालं, हे तिनं बसल्याबसल्याच मला सांगितलं. तिचा नवा फोन खोक्यातून निघाला तसं तिनं पुडीतलं हळदकुंकू लावलं त्याला. मग बदल्यात द्यायचा जुना फोन पदरानं पुसून दुकानदाराला दिला.

"ह्यातलं लेकीचं बोलणं नव्यात घाला."

त्यानं उघडून पाहिला. "मावशी, ह्यात काहीच नाही. कुणी पुसलं सगळं?"

"मीच शेजारणीकडनं स्वच्छ करून आणलाय. मोडीत भांडं देताना घासून देतोय न्हवं आपण?"

"अहो, पण त्यात बोलणंही गेलं."

"आसं कसं? भांडं कितीबी घासलं तरी त्याच्यावर कोरलेलं नाव जातंय व्हय?"

त्यानं फोनचा रिकामा पडदा तिच्यापुढं धरला. तेव्हा तिला कळलं. रडली नाही बघा. जुना फोन मागून घेऊन कितीतरी वेळ कानाला लावून बसली. मग तो पदराच्या गाठीत बांधला आणि उठून चालायला लागली. नवा फोन हळदकुंकवासकट तिथंच राहिला.

माझ्या जुन्या फोनातलं सगळं माझ्या नव्या फोनात आलं होतं. तो घ्यायला माझा हातच पुढं होईना.