तिसरीतल्या मुलीची बोटं

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवायला नको. रेवसच्या अलीकडे, खाडीकाठी आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, शिक्षक दोन: मुख्याध्यापक असलेले गुरुजी आणि मी. ज्यांच्या दारात कंटेनर ओढणारे ट्रेलर उभे राहिले त्यांची मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत गेली. आमच्याकडे उरली ती बोटीवर जाणाऱ्यांची, मासळी सोलणाऱ्या बायकांची आणि बाहेरून आलेल्या खलाशांची. माझा स्वतःचा मुलगाही त्या पिवळ्या बसमध्ये बसतो, त्यामुळे मी कुणाला नावं ठेवत नाही.

दोन वर्षांमागे, नारळी पौर्णिमा होऊन बोटी समुद्रात गेल्या त्या सुमारास, गुरुजींनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. "बाई, यंदा अगदी काठावर आहोत. एक मूल जरी कमी भरलं तरी दुसरं पद गेलं."

दुसरं पद म्हणजे मी. पद गेलं की मला जागा असेल तिथे पाठवणार, म्हणजे डोंगरात कुठेतरी. मुलगा इथे आणि मी तिथे. चार वर्ग एकट्या गुरुजींच्या गळ्यात पडतील हेही मनात आलं, पण खरं सांगायचं तर ते नंतर आलं. त्या दिवसापासून जेवण गळ्याखाली उतरेना. रोज हजेरी घेताना मी मुलांची नावं वाचत नव्हते, डोकी मोजत होते.

पटावर असून भागत नाही. ऑनलाइन पटात मुलाचं आधार चालू असावं लागतं. बाकी सगळ्यांचं जुळलं, तिसरीतल्या एका मुलीचं अडलं. तान्हेपणी काढलेलं तिचं आधार बंद पडलं होतं, पाच वर्षांची झाल्यावर बोटांचे ठसे द्यायचे ते राहिले होते. बाप बोटीवर, आईला कामातून सवड नाही. मग आईला विचारून मीच तिला रिक्षात घालून अलिबागला केंद्रावर नेलं.

तिथल्या माणसाने तिचे डोळे टिपले, फोटो काढला. मग चार बोटं काचेवर ठेवली. पडद्यावर लाल फुली. त्याने फडक्याने बोटं पुसली, काच पुसली, परत ठेवली. परत फुली. पाच-सहा वेळा झाल्यावर त्याने तिचा हात उजेडात धरला आणि विचारलं, "काय गं, काय काम करतेस?"

"कोळंबी सोलते," ती म्हणाली. शाळेचं नाव सांगावं इतक्या सहज.

तेव्हा मी तिची बोटं पाहिली. शेंड्यांची कातडी गेलेली, मांस गुलाबी, कडेला काटे टोचल्याचे काळे ठिपके. कोळंबीचं पाणी कातडी खातं, हे काय मला माहीत नव्हतं? सोलणाऱ्या बायका संध्याकाळी तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसतात, ते मी येता-जाता बघतेच. पण ही पहाटे आईबरोबर कोळंबीच्या शेडवर दोन तास सोलत बसून मग शाळेत येते, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

मी घाबरले ते मात्र वेगळ्याच कारणाने. ही मुलगी धडा घडाघडा वाचायची आणि लिहायला बसली की दोन ओळींत थांबायची. तिच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं होतं, "अक्षर गिचमिड. लेखनात कंटाळा करते. घरी सराव घ्यावा." आणि एकदा, फक्त एकदाच, मी पट्टी मारली होती. बोटांवर.

त्या माणसाने कुणाला कळवलं तर? मुलगी पट्टीचं बोलली तर? परतीच्या रिक्षात मी तिच्याकडे बघू शकले नाही. ती मात्र खुशीत होती, अलिबाग पाहिलं म्हणून.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई अंगणात जाळं पसरत होती. मी म्हटलं, दहा दिवस तिला शेडवर नेऊ नका, बोटं भरून येऊ देत.

"बाई, तिचे हात बारीक हायत, भराभर सोलते," आई म्हणाली. "माझ्या एकटीच्यान तेवढं व्हत न्हाय. पन तुमी सांगताय तर र्‍हाऊ दे दहा दिस."

मग मी रोज मधल्या सुट्टीत तिच्या बोटांना खोबरेल लावू लागले. गुरुजी कौतुकाने बघायचे. त्यांना काय सांगणार, की मी माझी नोकरी चोळते आहे. मुलगी मान वर करून हसायची आणि मला तिच्या हसण्याचीही भीती वाटायची.

त्याच दहा दिवसांत चाचणी आली. तिने पानभर लिहिलं, पाठपोट. "माझे आवडते ठिकाण" म्हणून अलिबागच्या त्या केंद्राविषयी. अक्षर वळणदार होतं. मी तो पेपर दोनदा तपासला, लाल पेन न टेकवता.

अकराव्या दिवशी आम्ही परत गेलो आणि पहिल्याच खेपेला हिरवी खूण आली. आधार चालू झालं, पट पुरा भरला, पद राहिलं. गुरुजींनी पेढे आणले. बऱ्याच दिवसांनी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मुलीची आई फाटकाशी आली. मासळीची पाटी डोक्यावर होती, घाईत होती. मुलगी तिच्या पदराला धरून माझ्याकडे बघत होती.

"बाई, झालं ना तुमचं काम? उद्यापासून नेऊ ना हिला?"

नको म्हणायला हवं होतं. पण नको म्हटलं आणि आईने रागाने मुलीला शाळेतूनच काढलं तर? मीच वर कळवलं आणि चौकशीत ती पट्टी निघाली तर? असे सगळे 'तर' माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेले. मुलगी अजून बघतच होती.

मी म्हटलं, "न्या."