विमानातलं पहिलं ताट

शिरूरच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली, तेव्हा गाडीचं इंजिन चालू होतं. नर्सिंग शिकायला इंग्लंडला निघालेली मी, घामाघूम होऊन मान खाली घालून उभी. बाबा मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे आणि प्रार्थनेतही रंधा मारल्यासारखे सावकाश पुढे जायचे. "मास्तर, आवरा की! गाडी लेट व्हतीया," कंडक्टर ओरडला. बाबांनी डोळे उघडले नाहीत. "देवबापा, पोरगी जिथं जेवंल, तिथलं ताट गोड कर," म्हणाले, आणि मगच आमेन.

आमच्या घरी थोरल्यानं प्रार्थना केल्याशिवाय कुणी घास उचलत नसे. भाऊ पक्का हावरट, पण तोही भाकरीवर हात ठेवून बसून राहायचा.

विमानात ट्रे आला. काय तो थाट! चिनीमातीच्या बशा, चकचकीत काटे-चमचे, कोंबडीचा पांढराफटक तुकडा, हिरवे वाटाणे, उकडलेला बटाटा, इवलासा पाव. आमच्या रांगेत थोरले म्हणजे शेजारचे पांढऱ्या केसांचे साहेब. मी हात जोडून त्यांची वाट बघू लागले. ते सरळ जेवायलाच लागले. वाटलं, विसरले असतील, आठवेल. जेवण झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. मी लगबगीनं मान खाली घातली, तर साहेब घोरायला लागलेले! तेवढ्यात हवाई सुंदरी आली आणि हसून माझा भरला ट्रे उचलून घेऊन गेली. थांबा म्हणायला माझ्या तोंडून इंग्रजी फुटेना. आईनं दिलेली धपाटी ट्रंकेत, आणि ट्रंक विमानाच्या पोटात. मला रडूच कोसळलं. भूक होतीच, पण आता माझ्या ताटावर प्रार्थना करणारं कुणी नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढच्या जेवणाला मी स्वतःच पुटपुटले आणि खाल्लं. अगदीच पांचट. कोंबडीला मीठ नाही, वाटाण्याला चव नाही. नंतर हॉस्टेलच्या मेसमध्ये, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये कितीतरी बरं जेवले, तरी पहिला घास अडकायचाच. माझ्यासारख्या ज्या निघून गेल्या, त्यांना हे सांगायला नको. मागे राहिलेल्या तुम्हाला मात्र वाटतं, आम्ही तिकडे लोणी-पाव खाऊन मजेत आहोत.

काही वर्षांनी सुट्टीवर घरी आले. आईनं बाजरीच्या भाकरी आणि भरली वांगी केली होती. सगळे बसलो. बाबांनी डोळे मिटले, प्रार्थना सावकाश पुढे सरकली आणि शेवटी ते म्हणाले, "आन् तिकडं लांब आमची सुमन जेवाया बसली आसंल, तिचं ताट गोड कर."

मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. भाऊ फिसकन हसला. आई म्हणाली, "अवो, ती हितंच हाय की!"

"ठावं हाय मला," बाबा म्हणाले. "पर रोज म्हणतो, सवय झालीया. आन् परत जायाचीच हाय न्हवं ती?"

शेवटी भाऊच आमेन म्हणाला आणि आम्ही जेवलो.

परतीच्या विमानात ट्रे आला तेव्हा मी कुणाची वाट बघितली नाही. घर कुठलं, असं तिकडे कुणी विचारलं की मी शिरूर सांगते. मी नसताना माझ्या ताटासाठी मागणं होतं, ते तिथंच. जेवण नेहमीसारखं पांचट होतं. वरून मीठ घातलं आणि सगळं संपवलं.