कोंगाने आईला नेसवलं

आमच्या सुंबा बेटावर मेलेल्या माणसाला लगेच पुरत नाहीत. कापडात गुंडाळून घरातच बसवतात आणि सगळी तयारी झाली की थडग्यात ठेवतात. कोंगाच्या आईला असं बसवलं, तेव्हा तिच्या अंगावर साधं काळं कापड होतं. जन्मभर तिने मोठ्या घरी सुताला गाठी मारल्या, ते निळीत आणि मुळांच्या लाल रंगात बुडवलं, पातोला हे उंची नक्षीदार वस्त्र विणलं. पण पातोला नेसायचा सरदारांच्या बायकांनी. कोंगाचं घराणं त्यांचं पिढीजात नोकर.

कोंगाने आईसाठी पातोल्याचं सूत बांधलं. लाल रंग मनासारखा चढेपर्यंत वर्ष उलटलं. मग तिने भर अंगणात मागाचा पट्टा कमरेला बांधला आणि विणायला बसली.

मोठ्या घरची रांबू, म्हणजे मालकीणबाई, स्वतः आली. "काय गं, तुझ्या आईला राणी व्हायचंय का?"

"नाही, रांबू. राण्यांसाठी विणून विणून तिचे हात झिजले. आता तिला नेसवतेय."

"उसव ते."

"मी नाही उसवणार. कापायचं तर कापा. पण आधी माझ्या कमरेचा पट्टा कापावा लागेल."

रांबूचा चेहरा उतरला. "पुरायला कोण येतंय तेच बघते मी!" असं म्हणून ती निघून गेली.

पुरायच्या दिवशी खरंच गावाने दारं लावून घेतली. मी शेजारीण, मी निघाले तर नवरा आडवा आला. "जाऊ नकोस, उद्या आपल्यालाही वाळीत टाकतील."

"टाकू देत. त्या म्हातारीनेच मला सूत बांधायला शिकवलं," म्हणत मी बाहेर पडले.

कोंगा, तिची बहीण दांगा, मी आणि रंगाच्या कामावरच्या दोघी, अशा आम्ही म्हातारीला नेलं. लालभडक पातोल्यात ती इवलीशी दिसत होती. थडग्यावरचा दगड मात्र आम्हाला हलेना. शेवटी माझा नवरा पहार घेऊन आला, तोंड फुगवून.

"बोलू नका माझ्याशी," म्हणाला आणि पहार दगडाखाली घातली.

मोठ्या घराने कोंगाला कामावरून काढलं. काही दिवस नुसत्या मक्यावर काढले तिने, पण घरचा माग थांबला नाही. एकदा पाहते तर पुन्हा पातोलाच!

"आता कुणाला नेसवतेस?"

"मलाच. आणि मरायची वाट नाही बघणार मी."

रविवारी ती तो नेसून चर्चमध्ये आली आणि थेट रांबूच्या शेजारी जाऊन बसली.

"जरा सरकता का?" म्हणाली.