वन्सं आणि वाहता नळ

जगात पाणी दोनच ठिकाणी सुरक्षित असतं, एक ढगात आणि दुसरं माझ्या थोरल्या नणंदबाईंच्या घरात. त्यातलं ढगातलं कधीतरी खाली पडून वाया जातं. वन्संच्या घरातलं जात नाही. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि नेमकं कोणत्या वेळी येईल ते नळालाच ठाऊक. त्यामुळे साठवणारे आम्ही सगळेच. पण आम्ही पिंप भरतो, टाकी भरतो आणि आपापल्या कामाला लागतो. वन्सं पिंप भरतात, मग घागरी, कळशा, तपेली, कुकर, कुकरच्या आतले डबे, दुधाची किटली, आणि सगळं भरून झालं की कमरेवर हात ठेवून घरभर नजर फिरवतात, की अजून पोकळ असं काय राहिलंय. एकदा त्या नजरेच्या टप्प्यात मी सापडले. माझ्या खांद्याला नवी पर्स होती. "आतनं रबराची हाय का गं ही?" वन्संनी विचारलं. मी पर्स पोटाशी धरून घरी आले.

माझं माहेर वेळापूरकडचं, शेताच्या कडेनं कॅनॉल वाहणारं. यांचं मूळ गाव केमच्या बाजूचं, कोरडं ठणठणीत. मला बघायला आले तेव्हा बाकीच्या मंडळींनी शिक्षण, स्वयंपाक, शिवण असं रीतीप्रमाणे विचारलं. वन्संनी एकच प्रश्न विचारला, "भांडी घासताना नळ चालू ठेवतीस का बंद करतीस?" मी खरं ते सांगितलं, की आम्ही भांडी कॅनॉलवर नेतो. वन्संनी डोळे मिटले. माझ्या सासऱ्यांनी होकार दिला म्हणून लग्न झालं, पण त्या दिवसापासून मी कॅनॉलवाली. मला मुलगी झाली, मुलींच्या वसतिगृहाची सगळी व्यवस्था मी बघायला लागले, केस पांढरे झाले, तरी कॅनॉलवाली ती कॅनॉलवालीच. "कॅनॉलवाले, तांदूळ धुतलेलं पाणी कुटं टाकलंस?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तांदूळ बघितले तरी उत्तर तोंडावर येतं: कढीपत्त्याला घातलं, वन्सं.

त्यांच्याकडे पाहुण्याला पाणी अर्धा पेला मिळतं. कंजूषपणा नव्हे, "तहान लागली तर आणखी घ्या की, पण उष्टं ठेवू नका" असा त्यांचा रोखठोक हिशेब. पाणी येण्याआधी नळ नुसतीच हवा सोडतो, तो सुस्कारा त्यांना दोन खोल्या पलीकडून ऐकू येतो. शेजारच्या लग्नात नवरानवरी हार हातात घेऊन उभे असताना वन्सं अक्षता माझ्या मुठीत कोंबून पसार झाल्या होत्या, कारण कार्यालयाच्या नळाने सुस्कारा सोडला होता आणि याचा अर्थ घरी पाणी आलं होतं. आणि नात्यातल्या एका बाईंच्या घरी आम्ही दुखवट्याला गेलो होतो तेव्हाचं तर सांगितलंच पाहिजे. वन्सं त्या बाईंच्या गळ्यात पडून मनापासून रडत होत्या. मध्येच रडं थांबलं. त्या उठल्या, मोरीत गेल्या, ठिबकणारा नळ घट्ट पिळला, परत आल्या आणि जिथं थांबल्या होत्या तिथूनच रडायला लागल्या. ते रडणंही खरं होतं आणि नळाची काळजीही, हे मी खात्रीने सांगते.

अशा बाईंना आम्ही डोंगरात नेलं. वन्संचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती, त्यांचा मुलगा पुण्यात, घरात वन्सं आणि पिंपं. माझी मुलगी म्हणाली, आत्याला नेऊया. नाताळच्या सुट्टीत तिने हिमाचलातल्या एका लहान गावातलं घर शोधलं. घरमालकीणबाई पाहुण्यांना राहायला खोल्या देत, स्वतः स्वयंपाक करून वाढत. "घराकडं कोण बघणार? पाणी कोण भरणार?" असं वन्संनी खूप दिवस चालवलं. शेवटी माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, शेजारणीला पाणी भरायला बसवलं, तेव्हा त्या निघाल्या. सामानात एक स्वेटर आणि आठवड्याला पुरतील एवढे थर्मास.

डोंगरात जाऊन माणसं शांतता, साधेपणा वगैरे शिकून येतात म्हणे. आम्ही नळ शिकून आलो.

घर लाकडाचं होतं, मधल्या खोलीत लोखंडी शेगडी पेटलेली, बाहेर छपरावर बर्फ. घरमालकीणबाई हसतमुख आणि कामाला वाघ, मला लगेच आवडल्या. पोचलो त्याच संध्याकाळी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की उद्या दुपारी त्यांच्या मुलीला बघायला मुलाकडची मंडळी येणार आहेत, अचानक ठरलंय, तर थोडी गडबड होईल, सांभाळून घ्या. दुसरी, की झोपताना कुठलाच नळ पूर्ण बंद करायचा नाही. "थोड़ा-थोड़ा चलने देना, माताजी."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या भावाकडे. "काय म्हणती ही? नळ चालू ठेवा? निजायच्या टायमाला?"

"आक्का, थंडीचं काहीतरी कारण असेल," हे म्हणाले. ह्यांना जास्त माहीत नसलं की हे 'काहीतरी कारण' म्हणतात.

"कारण कसलं आलंय! ह्यांच्यातबी कॅनॉल असंल. म्हणून ही माजोरी." हे माझ्याकडे बघून.

सकाळी मला जाग आली ती घरमालकीणबाईंच्या आवाजाने. नळाला पाणी नव्हतं. एकाही नाही. पाइपातलं पाणी रात्रीत गोठून दगड झालं होतं, आणि आज पाहुणे. चहा, स्वयंपाक, हातपाय धुणं, मुलीची अंघोळ, सगळं अडलेलं. झऱ्यापर्यंतची पायवाट बर्फाने बुजलेली. बर्फ वितळवावा तर पातेलंभर बर्फाचं वाटीभर पाणी. बाई नवऱ्यावर बरसत होत्या. "तूने ही बंद किया होगा! बीड़ी पीने उठा था ना?" तो बिचारा टोपी हातात घेऊन उभा, नाही नाही म्हणत होता, पण त्याची बाजू पडतीच होती, कारण विडी प्यायला तो उठला होता हे खरं. त्यांची मुलगी दारात उभी, डोळ्यात पाणी. मुलाकडची मंडळी मोठ्या घरची, अवघड वाटेने मुद्दाम येणार, आणि घरात प्यायला पाणी नाही असं झालं तर त्यांनी काय समजायचं? ती नुसती ओढणीचं टोक पिळत होती.

मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळलं. कुणाच्या घरचा, कुणाच्या मोरीतला नळ आजवर वन्संच्या तावडीतून सुटला होता?

वन्संनी शाल सावरली आणि पुढे झाल्या. त्यांचं हिंदी सोलापुरातल्या बाजारात घडलेलं आहे. "उनकू मत बोलो," त्या म्हणाल्या. "नल मैं बंद करी. सारे के सारे. बाहर का भी."

 घरमालकीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. आयुष्यात पहिल्यांदा मी वन्संना मान खाली घालताना बघितलं, आणि खरं सांगायचं तर मला ते मुळीच बघवलं नाही. मी काही बोलणार, एवढ्यात त्यांनी मान वर केली. "रुको," म्हणाल्या आणि मधल्या खोलीकडे निघाल्या.

शेगडीच्या मागे, त्यांच्या अंथरुणाच्या उशाशी, सगळं ओळीने मांडलेलं होतं. दोन्ही बादल्या काठोकाठ. टब. घरातला एक मोठा पितळी हंडा, जो शोभेसाठी कोपऱ्यात ठेवलेला होता. आमचे सगळे थर्मास. फुलदाणी. आणि शेंगाचटणीचा डबा. चटणी त्यांनी पिशवीत बांधली होती आणि डबा भरला होता. प्रत्येकावर झाकण, ताटली, नाहीतर माझ्या मुलीचं जाडजूड पुस्तक. शेगडीच्या उबेने त्यातलं थेंबभरही पाणी गोठलं नव्हतं.

"उद्या आलं न्हाय तर?" एवढंच स्पष्टीकरण त्यांनी मराठीत दिलं.

मग घर त्यांनी ताब्यात घेतलं. वसतिगृह चालवून मलाही कामं वाटून द्यायची सवय आहे, पण त्या दिवशी मी निमूटपणे हाताखाली राबले. कणकेला इतकं, डाळीला इतकं, मुलीच्या अंघोळीला ही बादली आणि एक तांब्या, "आधी अंग ओलं करायचं, पाणी बंद, मग साबण, समजा क्या बेटी?" भांडी राखेने घासून कोरड्या फडक्याने पुसायची. भाजी धुतलेलं पाणी ताटं विसळायला. साठवलेलं पाणी असं कारणी लागत होतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगू, पूजेला बसलेल्या बाईसारखं तेज आलं होतं.

एकदाच त्या अडल्या. घरमालक पाइपाला पोती गुंडाळून आला आणि म्हणाला, ऊन पाणी हवं, पाइपावर ओतायला. शेगडीवर तापवलेलं पाणी थर्मासांत होतं, वन्सं त्यांच्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पाइपपे? पानी? वतने का?"

घरमालकीणबाईंचा राग एव्हाना निवळला होता. त्या जवळ आल्या. "माताजी, पानी से ही पानी खुलेगा," त्या म्हणाल्या. "हमारे यहाँ उसे चलने देते हैं. रुक गया तो जम जाता है, और जमा तो पाइप भी फाड़ देता है."

वन्संनी थर्मास दिला. पाणी पाइपावर पडताना मात्र त्यांनी तोंड फिरवलं.

पाहुणे आले. अर्धा अर्धा पेला पाणी मिळालं, त्यांना वाटलं थंडीमुळे. चहाला लसणाचा किंचित वास होता, कारण शेवटचं पाणी चटणीच्या डब्यातलं. मुलाच्या आईने दोनदा विचारलं, मसाला कोणता? घरमालकीणबाई म्हणाल्या, सोलापूरचा. ताटं वाढेपर्यंत अंगणातला नळ खाकरला, थुंकला आणि वाहायला लागला, आणि मुलगी पसंत पडली. दोन्हींपैकी वन्संना जास्त आनंद कशाचा झाला ते मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी वन्सं स्वतः उठून सगळे नळ बोटभर धार सोडून येत. आणि प्रत्येक धारेखाली एक बादली ठेवत. "तिचंबी ऐकलं, माझंबी ऐकलं," त्या म्हणाल्या. घरमालकीणबाई हसून हसून खाली बसल्या.

मागच्या उन्हाळ्यात वन्संच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. उंच इमारत, नळाला चोवीस तास पाणी. भरायचं काही नाही. सून समजूतदार आहे, तिने एक पिंप आणून दिलं, पण वन्सं म्हणाल्या, "ते नुसतं शोभेचं." घर इथे बंद आहे, किल्ली माझ्याकडे. पाण्याच्या दिवशी त्यांचा फोन येतो, सोलापुरातल्या नळाने सुस्कारा सोडायच्या आत.

"आलं का गं?"

"यायचंय, वन्सं. तुमची पिंपं भरून ठेवू का?"

सुरुवातीला त्या हो म्हणायच्या. मी जाऊन शिळं पाणी ओतून नवं भरायचे. ते कुणी पिणार नव्हतं, हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं. 

परवा त्या म्हणाल्या, "पिंपं ऱ्हाऊ दे. पालथी घाल. नळ तेवढा सोड थोडा वेळ, वाहू दे."

या वेळी मीच म्हटलं, "वाया जाईल की, वन्सं."

"जाऊ दे. बंद घर हाय. डोंगरातल्या त्या बाईनं काय सांगितलं होतं, ध्यानात हाय न्हवं?"

मी गेले. पिंपं पालथी घातली, मागच्या अंगणातला नळ सोडला. धार कढीपत्त्याच्या आळ्यात पडत होती. मग इकडेतिकडे बघितलं, आणि धारेखाली एक बादली सरकवली.