भाऊ आणि क्लच नसलेली गाडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मेहरूण भागातल्या माझ्या घरी चहा टाकत होते. "सुमनताई, हे उठत नाहीयेत गं..." एवढंच ती बोलली. माझा थोरला भाऊ पहाटे झोपेतच गेला होता. आता काही आठवडे उलटलेत. सुटला बिचारा, असं लोक म्हणतात. मला मात्र त्याच्याबरोबर अनुभवलेली भीतीच आठवत राहते.

भाऊचं जळगावात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान. आयुष्यभर त्याने मालाची जीप हाकली आणि मनात एक छोटी, देखणी, आलिशान सेडान धरून ठेवली. वापरलेली का असेना, पण तीच. धुळ्यात जुन्या गाड्यांच्या एका दुकानात ती असल्याचं कळलं, तेव्हा तो मला सोबत घेऊन गेला. तिथे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या उभ्या होत्या. काळी गिअरची, पांढरी ऑटोमॅटिक. विक्रेता म्हणाला, "काळीला क्लच आहे, पण दुरुस्ती सोपी. पांढरी स्वतःच गिअर बदलते, डाव्या पायाला कामच नाही. साहेब, आता आरामाचं बघा." भाऊचा चेहरा एकदम उतरला. "गिअरचीच द्या," तो म्हणाला. मला नवल वाटलं, कारण घरी तो ऑटोमॅटिकचंच कौतुक करायचा.

काळी घेऊन आम्ही निघालो. एरंडोलच्या अलीकडे कापसाने भरलेला ट्रॅक्टर पुढे आडवा आला. भाऊने क्लच दाबून गिअर बदलला आणि पुढे काढायला अ‍ॅक्सिलरेटर दिला... पण क्लचवरचा पाय उठेचना. इंजिन किंचाळत होतं, गाडीचा वेग मात्र घटत चालला होता. मागून ट्रकचा हॉर्न अंगावर येत होता. मी खाली बघितलं. भाऊ दोन्ही हातांनी स्वतःची मांडी धरून पाय वर ओढत होता. स्टिअरिंग मोकळंच! ते मी कसं धरलं, कुणीकडे फिरवलं, आजही सांगता येत नाही. गाडी कडेच्या मुरुमावर जाऊन थांबली आणि ट्रक आमचा आरसा उडवून पुढे गेला.

"काय झालं रे भाऊ?"

त्याने इंजिन बंद केलं. "पाय कधीपासून ऐकत नाही, सुमे. डॉक्टर म्हणतात, नसांचा आजार आहे. आधी हा पाय, मग हळूहळू बाकीचं..."

"मग गिअरची का घेतलीस?"

"ती पांढरी घेतली असती, तर आजार मान्य केल्यासारखं झालं असतं."

मग त्याने माझा हात घट्ट धरला. सगळ्या घराला धीर द्यायचा तो हाच माझा भाऊ. शहरात आल्यापासून सोडलेली गावाकडची बोली त्याच्या तोंडी आली. "माले भेव वाटस." मलाही भीती वाटत होती. शेवटी भाऊच्या दुकानातला माणूस बोलावून गाडी घरी आणली.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. भाऊने विक्रेत्याला सरळ सांगितलं, "माझा डावा पाय गेलाय. ही परत घ्या, ती पांढरी द्या." घरी आल्यावर वहिनीलाही त्याने स्वतःच सगळं सांगितलं. नंतर दोन पावसाळे तो एका पायावर ती गाडी चालवत राहिला. मी शेजारी बसले की माझी नजर रस्त्यावर नसायची, त्याच्या उजव्या पायावर असायची. तो हसून सगळं ठीक असल्याचं सांगायचा, "बठ्ठं ठीक शे." एक दिवस तो फाटकातून आत आला आणि कुणी काही बोलायच्या आत किल्ली वहिनीच्या हातात ठेवली. उजवा पायही ऐकेनासा झाल्याचं त्याला कळलं होतं. वहिनी गाडी शिकली, तो शेजारी बसू लागला. मग हात गेले, मग आवाज...

परवा वहिनी मला सोडायला निघाली. तिने दार उघडलं तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी पायपुसणं दिसलं. डावीकडे त्याच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. चढता-उतरताना भाऊचा निर्जीव पाय तिथूनच ओढला जायचा. वहिनीनेही ते बघितलं. ती आत बसली, आपला डावा पाय अलगद त्या झिजलेल्या जागेवर टेकवला आणि गाडी सुरू केली.