सातारा ते सांगली, मागच्या दिव्यांशिवाय

सांगलीला जायचं ठरलं ते सासूबाईंच्या डोळ्यासाठी. त्या कडेगावला राहतात आणि सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बोलावलं होतं. साताऱ्याहून निघायचं, कडेगावला त्यांना घ्यायचं, इस्लामपूरवरून सांगली गाठायची. निवांत गेलं तरी चार-साडेचार तासांचं काम. गाडी धड असती तर यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

पण गेले पंधरा दिवस गाडीच्या मागच्या दिव्यांचा फ्यूज उडत होता. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "गाडीच्या इलेक्ट्रिशियनला दाखवा."

मी वीज खात्यात तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. मी म्हणालो, "अकरा हजार व्होल्टची लाइन सांभाळली मी. बारा व्होल्टसाठी दुसऱ्याच्या दारात जाऊ?"

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

सकाळी दहाला निघालो. दोष प्रवासात पकडायचा म्हणून मी दिवसाढवळ्या दिवे लावून ठेवले. मीटरची बत्ती त्याच फ्यूजवर चालते, त्यामुळे ती विझली की फ्यूज गेला हे कळणार होतं. समोरून येणारा प्रत्येक जण हातानं खूण करून दिवे बंद करायला सांगत होता आणि मी प्रत्येकाला मान डोलावून धन्यवाद देत होतो.

उंब्रजला वडापाव आणि चहासाठी थांबलो. महामार्गाचं काम चालू असेल तर इथवर तासभर धरा आणि चहा गावात शिरून घ्या, तिथं चांगला मिळतो. डिकीतून पाण्याची बाटली काढली, परत येऊन बसलो तर मीटर अंधारात. मी नवा फ्यूज घातला आणि सुनंदाला समजावलं की धक्क्यांनी होतंय. तिनं ऐकून घेतलं.

कऱ्हाड सोडून कडेगावच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना ऊस. गाळपाचे दिवस होते. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागं एकही दिवा नाही म्हणून मी कडेगाव येईपर्यंत बडबडत होतो.

सासूबाईंनी भाकरी आणि घेवड्याची आमटी करून ठेवली होती. जेवण झाल्यावर लगेच निघायचं, तर सामान डिकीत ठेवताना फ्यूज पुन्हा गेला. मग मी पेटलोच. अंगणात सतरंजी घातली, डॅशबोर्डखाली डोकं घातलं, गाणी वाजवायचं यंत्र बाहेर काढलं, मागचे चारही बल्ब काढून पुसून पुन्हा बसवले. तीन तास गेले. सोबत आणलेले दहा अँपिअरचे फ्यूज संपले. डबीत वीस अँपिअरचा एक होता.

तो मी घातला. गावोगावी फिरून फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्यांना मी तीस वर्षं झापलं आहे, हे इथं नोंदवून ठेवतो.

सासूबाई डिकीपाशी उभ्या होत्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. "आवं जावईबापू, कायतरी जळतंय."

मी फ्यूज उपसून काढला. डिकीच्या दारातून धुराची बारीक रेघ आली. सुनंदानं आईला हाताला धरून गाडीपासून लांब नेलं. ते मला लागलं.

निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते. आता मागचे दिवे लागायचं नावच नव्हतं. ताकारी मागं पडली आणि बघता बघता अंधारून आलं. पुढच्या एका ट्रॉलीसाठी मी वेग कमी केला, तेवढ्यात मागं करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. एक मोटरसायकल आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर तिरकी थांबली होती. वर नवरा-बायको, बाजूला दुधाची रिकामी किटली.

मी खाली उतरलो. वाटलं, आता हा शिव्या घालणार. तो म्हणाला, "काका, मागं दिवा न्हाई तुमचा. ब्रेकचा दिवा लागला तवा गाडी दिसली. आत शिरलो असतो आमी."

"फ्यूज गेलाय," मी म्हणालो. याहून शहाणं काही सुचलं नाही.

"कुठवर जायाचं?"

"आधी इस्लामपूर. तिथं दुरुस्त करून सांगलीला."

त्यानं बायकोकडं पाहिलं. तिनं मान हलवली. "हळू चला. मी मागं ऱ्हातो, लाइट लावून."

इस्लामपूरच्या पहिल्या दुकानांपर्यंत तो आमच्या मागं राहिला. मी थांबून हात केला, तोवर त्यानं गाडी वळवली होती. आल्या वाटेनं तो परत निघाला. त्याला इस्लामपूरला यायचंच नव्हतं.

बसस्टँडच्या पुढं गाडीच्या इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकानदार नामदेवअण्णा, साठीचे. मी त्यांना रोध, भार, जोडणी असं सगळं सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. उडतोय कवा?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"डिकी उघडली की," सुनंदा म्हणाली. "उंब्रजला डिकी उघडली, गेला. आईकडं उघडली, गेला."

मी तिच्याकडं पाहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही धक्क्यांचं समजावत होता."

अण्णांनी फ्यूजच्या जागी एक बल्ब जोडला. तो मंद जळत होता. डिकी वर केली तसा लख्ख पेटला, खाली केली तसा मंद झाला; म्हणजे शॉर्ट डिकीच्या दारापाशीच होतं. गाडीतून डिकीच्या दारात वायरी जातात तिथली रबरी नळी त्यांनी मागं सरकवली. आत एक वायर सोलून पत्र्याला लागत होती. शेजारी तिला घासणारी एक निळी, जाडजूड वायर.

"ही कुणी घातली?" अण्णा म्हणाले. "नळी कापून घातलीया. लय घाई केलीया गड्यानं."

डिकीत उजेड हवा म्हणून दिवाळीत मीच एक दिवा बसवला होता. तसं सांगितलं. अण्णा हसले नाहीत, त्यामुळे जास्तच लाज वाटली. त्यांनी जळकी वायर बदलली, निळी काढून माझ्या हातात दिली. सगळं अर्ध्या तासात.

आष्ट्यावरून सांगलीला आठपर्यंत पोचलो. सकाळी डॉक्टरांनी सासूबाईंचा डोळा तपासला. पडदा चांगला आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येईल, म्हणाले. येताना भडंग घेतलं, ते घ्याच. सासूबाईंना कडेगावला सोडून घरी आलो.

हे सगळं लिहून झाल्यावर सुनंदाला वाचायला दिलं. मला वाटलं, हसेल. मी स्वतःची बरीच टिंगल केली आहे. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "कडेगावातनं निघताना मला त्या गाडीत बसायची भीती वाटत होती. आईला मागं बसवताना माझे हात गार पडले होते. तरी बसले. तेवढं घाला."

घातलं.