मनकर्णाबाईची बासुंदी

अमेरिकेतल्या लढाईपायी कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्यात घरी बसून राहील असं माणूस उरलं नाही. पंगतींचा स्वयंपाक करणारी मनकर्णाबाईसुद्धा वेचणीला जाऊ लागली. वाळक्या बोंडाचं टोक बोटात शिरलं आणि बोट पिकलं. हळदीची चिंधी बांधून ती गावच्या पाटलांकडे, खुशालरावांकडे, त्यांच्या लेकीच्या साक्षगंधाची बासुंदी करायला बसली.

दूध आटून निवलं, तशी तिने चिंधी सोडली. सोवळ्यातल्या खव्याला चिंधी कशी लागू द्यायची? मग उघड्या बोटांनी खवा कुस्करून दुधात घातला. दुधाचा गंज कोमट चुलीवर सकाळपर्यंत राहिला, आणि सकाळी तिने बासुंदी खळखळून उकळली. उकळीने सगळे दोष जातात, ही तिची श्रद्धा. पिकल्या बोटातले जंतू मेलेही असतील. पण त्यांनी दुधात सोडलेलं विष उकळीला भीक घालत नाही. ते पोटात उतरलं, की आतडी मेंदूला एकच निरोप धाडतात : बाहेर काढ!

दुपारी वरपक्ष वाहवा करत उठला आणि दिवस कलायच्या आत गोठ्यामागे ओळीने ओणवा झाला. यजमानही सुटले नाहीत. धडधाकट राहिली ती एकटी मनकर्णाबाई.

खुशालरावांच्या आई, पार्बताबाई, भिंतीला धरून आल्या. "सारे ओकून राह्यले, अन् तुले साधी ढेकर नाही? काय कालवलं वं, मनकर्णे?"

"पंगती उठल्याबिगर मी चाखतबी नाही, तुमाले ठाव नाही का जी?"

"मंग आता खाय!"

खुशालरावांनी पोट दाबत निवाडा दिला : हिला बाधली नाही, तर हिला उतारा ठाऊक, म्हणजे विष हिचंच. गावाबाहेर काढा.

तिने वाटीभर बासुंदी सगळ्यांदेखत संपवली. मंडळी भोवती बसून राहिली.

"होऊन राह्यलं का काही?"

"अजून नाही जी," ती रडवेल्या सुरात म्हणाली. आपल्याच हातचं आपल्याला बाधावं म्हणून ती देवीला नवस बोलली.

दिवेलागणीला ती पोट धरून अंगणात धावली, तशी ओसरीभर हर्ष झाला. पार्बताबाईंनी स्वतः तिचं कपाळ धरलं. "गरिबावर उगाच बोल लावला रे! ही तं शेजारगावची नजर."

मनकर्णाबाई चूळ भरून आली. खुशालराव खाटेवरूनच म्हणाले, "लग्नाची बासुंदीबी तूच कर, बाई. फक्त उकळी जरा जास्त दे."